वीस बंगल्यांना ही विहीर पुरेल का? चाचणी कशी करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासवडजवळ तीन एकर जागा, तिथे वीस बंगले होणार. जागेत एक जुनी विहीर आहे, वीस फूट व्यासाची, पंचेचाळीस फूट खोल. नळयोजना तिथवर येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त विहिरीवर. बिल्डरने डिसेंबरात पाच एचपीची मोटर लावून तीन तास चालवून दाखवली. पाणी सातच फूट उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, साधारण वीस तासांनी, बघितलं तर विहीर दोन फूट उणी होती. मूळ मालक म्हणतो, "बारमाही आहे, आटलेली कधी बघितली नाही." तुम्ही सात-आठ जण मिळून बुकिंग करायच्या बेतात आहात आणि विचारताय की एवढ्यावर भरवसा ठेवावा का, आणि नसेल तर चाचणी नेमकी कशी करायची.

पुणे जिल्ह्यात आणि आसपास विहिरी-बोअर तपासण्याचं काम मी पंचवीसेक वर्षं करतोय. तुमच्या विहिरीबद्दल हो किंवा नाही असं इथे बसून सांगता येणार नाही. ते दगडावर, आजूबाजूच्या उपशावर आणि चाचणीच्या तारखेवर ठरतं. पण तुम्हाला जे दाखवलं ती चाचणी नव्हती, एवढं मात्र नक्की सांगतो.

आधी विहिरीचं गणित बघू. वीस फूट व्यास म्हणजे सहा मीटरच्या थोडं वर. अशा विहिरीत दर मीटर उंचीला सुमारे २९ हजार लिटर पाणी मावतं. सात फूट पाणी उतरलं म्हणजे विहिरीच्या पोटातलंच ६२ हजार लिटर बाहेर गेलं. आता मोटरने एकूण किती काढलं? ते कोणी मोजलेलं नाही. समजा ती ताशी २३ हजार लिटर फेकत होती. तीन तासांत झाले ६९ हजार. म्हणजे झऱ्यांनी त्या तीन तासांत दिलं फक्त सात हजार, बाकी सगळं आधीच साठलेलं. तुम्ही उभं राहून बघितलीत ती एक मोठी टाकी रिकामी होताना. टाकी मोठी असली की पाणी सावकाश उतरतं, आणि सावकाश उतरलं की बघणाऱ्याला वाटतं पाणी भरपूर आहे.

शिवाय हे सात हजारसुद्धा माझ्या "समजा"वर उभे आहेत. मोटर ताशी साडेवीस हजारच फेकत असेल तर झऱ्यांचा वाटा शून्यावर येतो. दोनशे लिटरचं बॅरल ३१ सेकंदांत भरलं तर ताशी २३ हजार होतात. घड्याळ बघण्यात एका सेकंदाची चूक झाली की तीन तासांत सव्वादोन हजार लिटरचा फरक पडतो. दोन मोठे आकडे वजा करून लहान आकडा काढायचा, आणि त्यातला एक अंदाजाचा, असा हा हिशेब. म्हणून रुंद विहिरीत उपशाच्या वेळच्या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही.

तुमच्या प्रश्नात कामाचा आकडा एकच आहे आणि तो तुम्ही जाता जाता लिहिलाय. सात फूट उतरलेली विहीर वीस तासांनी दोन फूट उणी होती. म्हणजे पाच फूट भरली. यात मोटर नाही, बॅरल नाही, फक्त टेप आणि घड्याळ. पाच फुटांचे झाले साधारण ४५ हजार लिटर. विहीर एका रात्रीत परत किती देते, हाच खरा प्रश्न, आणि तुमच्या विहिरीने डिसेंबरात त्याचं बरं उत्तर दिलंय.

आपल्याकडे विहिरीची मोजदाद पूर्वीपासून उपशावरूनच झाली. दोन मोटांची विहीर, चार मोटांची विहीर. साताऱ्याजवळ लिंबला तर बारा मोटांची विहीर आहे, बघण्यासारखी आहे, जमलं तर जाऊन या. पण मोटांच्या संख्येवरून विहिरीतून एका वेळी किती काढता येईल ते कळतं. ती दिवसाला किती देईल ते त्यातून कळत नाही. आजही "पाच एचपी चालते या विहिरीवर" हे वाक्य त्याच जातीचं.

आता डिसेंबरचं काय ते बोलू, कारण माझी स्वतःची चूक तिथेच झाली होती.

धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत शेजारच्या तालुक्यातल्या चोवीस रो-हाउसेससाठी मी एक विहीर तपासली. नोव्हेंबर होता. चाचणी व्यवस्थित केली, रात्रभर काठावर बसून पातळी घेतली, आणि दिवसाला पन्नास हजार लिटर देईल असं लिहून सही केली. आकडा खोटा नव्हता, नोव्हेंबरचा होता. दीड वर्षाने, लोक राहायला आल्यावर, मे महिन्यात फोन आला. गेलो तर तळाला चार फूट पाणी. मोटर पंचवीस मिनिटं चालायची आणि हवा धरायची. दगडी भिंतीवर तळापासून अठरा-वीस फुटांवर पांढरी रेघ दिसत होती, आडवी, जवळजवळ अर्ध्या घेरात. मी नोव्हेंबरात तिथूनच पाणी वाहताना ऐकलं होतं. झरा आटून त्याचे क्षार तेवढे मागे राहिले होते. खाली दक्षिणेच्या कोपऱ्यात करंगळीएवढी एक धार शेवाळावरून उतरत होती, बस. टेपवर पाणी तासाला सव्वा सेंटिमीटर चढत होतं. चोवीस तासांचा हिशेब केला तर नऊ हजार लिटरही भरत नव्हते. त्या लोकांनी पुढचे दीड महिने टँकर घेतला. तेव्हापासून मी दिवाळीनंतरच्या चाचणीवर "पुरेल" असं लिहीत नाही. बिल्डर नाराज होतात.

असं का होतं, ते आपल्या दगडावरून कळेल. दख्खनच्या पठाराचा काळा दगड स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगाळलेल्या थरात आणि मांजऱ्या दगडात, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या मऊसर काळ्या दगडात. खाली घट्ट पाषाण लागला की बहुतेक कारभार संपतो. अधेमधे गेरूचा तांबडा पट्टा असतो, त्याच्या वरच्या अंगाने कधी चांगला झरा मिळतो. पावसाळ्यानंतर मुरूम भरलेला असतो आणि विहिरीला चारी बाजूंनी पाणी सुटतं. जसजशी भूजलपातळी उतरते तसे वरचे झरे एकेक करून बंद पडतात. त्यामुळे पाण्याची उंची निम्मी झाली की आवक निम्मी होते असं नाही. ती पाचव्या-सहाव्या हिश्श्यावरही येते. विहीर बारमाही असणं म्हणजे मेमध्ये तळाला पाणी दिसणं. मालक खोटं बोलत नाही. त्याच्या चार म्हशींना आणि एका घराला मेमधलं पाणी खरोखरच पुरत असेल.

म्हणून मालकाला "आटते का?" असं विचारूच नका. शेतकऱ्याकडे आपली एक पक्की मोजपट्टी असते: मोटर किती वेळ चालते. नोव्हेंबरात सहा तास, मार्चात दोन, मेमध्ये वीस मिनिटं, असं उत्तर मिळतं. आणि वर्ष धरून विचारा. २०१८चा पावसाळा कोरडा गेला होता, मग २०१९च्या मेमध्ये मोटर किती चालत होती? २०१६च्या मेमध्ये? हे विकणाऱ्याला विचारू नका, बांधाला लागून ज्याची विहीर आहे त्याला विचारा. त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं. अर्धा दिवस चहा पिण्यात जाईल, पण त्या अर्ध्या दिवसाने मला अनेकदा चाचणीपेक्षा जास्त सांगितलंय.

विचारताना आणखी एक गोष्ट काढून घ्या. विहीर बारमाही आहे ती स्वतःच्या जिवावर, की शेजारच्या पाझर तलावाच्या, कॅनॉलच्या किंवा उपसा योजनेच्या पाण्यावर? आवर्तन (कॅनॉलला पाळीने सुटणारं पाणी) आलं की आठ दिवसांत विहीर चढते, असं कोणी म्हणालं तर तुमची विहीर त्या आवर्तनाइतकीच भरवशाची. विहिरीच्या तळातून आडवे बोअर मारलेत का, हेही विचारा. मारले असतील तर सध्याचं पाणी शेजाऱ्याच्या जमिनीखालून येत असण्याची शक्यता आहे, आणि तोही उद्या मारू शकतो.

आता गरज किती ते ठरवू. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा रूढ आकडा. वीस घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे साडेतेरा हजार लिटर. पण बंगला म्हटला की बाग आली. घरामागे पाचशे लिटर धरले तर आणखी दहा हजार. पाहुणे, गाड्या धुणं, गळती मिळून पंधरा टक्के. उन्हाळ्यातल्या दिवसाला २७ हजार लिटर धरून चला. निम्मे लोक फक्त शनिवार-रविवारी येणार असतील तर सरासरी खाली येईल, पण मेच्या सुट्टीत सगळे एकदम येतील, आणि विहिरीची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात असते. बांधकामाचं पाणी मी यात धरलेलं नाही. ते बिल्डरने कुठून आणायचं ते वेगळं लिहून घ्या, नाहीतर पहिल्या बंगल्याचं क्युरिंग आणि तिसऱ्या बंगल्यातलं राहतं कुटुंब एकाच विहिरीवर येतात.

तर विहिरीला विचारायचा प्रश्न असा: एप्रिलअखेर ते मेअखेर, रोज २७ हजार लिटर काढले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जिथल्या तिथे येतं का?

चाचणीही तशीच करायची. मोटर बदलू नका, आहे ती चालेल, पण तिचा विसर्ग बॅरल आणि घड्याळ घेऊन तीनदा मोजा. पाणी खाली जाईल तसा तो कमी होतो, म्हणून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. काठावर एका दगडावर ऑइलपेंटने खूण करा आणि प्रत्येक पातळी त्याच खुणेपासून घ्या. चाचणीच्या आदला पूर्ण दिवस मोटर बंद. मग रोज सकाळी ३५ मिनिटं आणि संध्याकाळी ३५ मिनिटं चालवा, ताशी २३ हजारांच्या मोटरने २७ हजार होतात. हे निदान पाच दिवस, सात मिळाले तर उत्तम. रोज सकाळी सहा वाजता, मोटर चालू करण्याआधी, पातळी लिहा.

पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी उतरणारच, त्याने घाबरू नका. विहीर थोडी खाली गेल्याशिवाय झऱ्यांना जोर येत नाही. बघायचं ते हे की रोजची घसरण कमी होत जाते का. वीस सेंटिमीटर, मग तेरा, आठ, चार असं होत गेलं तर विहीर नव्या पातळीवर स्थिरावतेय, आणि तिथे फूटव्हॉल्व्हच्या, म्हणजे मोटरच्या पाइपच्या खालच्या टोकाच्या झडपेच्या, वर पुरेसं पाणी उरत असेल तर पास. वीस, वीस, एकवीस असं चाललं तर रोज सहा हजार लिटर तुम्ही टाकीतूनच खाताय. विहिरीची खरी देणगी २१ हजारांची, आणि वापरण्याजोगं पाणी अडीच मीटर असेल तर बाराव्या-तेराव्या दिवशी मोटर हवा धरणार.

पाचव्या-सातव्या दिवशी मोटर थांबवल्यावर एक रात्र जागा. पहिला तास दर दहा मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाने, मध्यरात्रीनंतर तासातासाने पातळी घ्या. विहीर रिकामी असताना ती किती वेगाने चढते आणि भरत आल्यावर वेग किती पडतो, हे त्यातून कळतं. तेवढ्यावरून मोटर दिवसातून दोनदा चालवायची की चारदा, हेही ठरवता येतं. थोडं थोडं चारदा काढलं तर पातळी सरासरीने खाली राहते आणि त्याच विहिरीतून थोडं जास्त मिळतं.

चाचणी बिघडवणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत. पहिली, उपसलेलं पाणी. मी बघितलंय की पाइप शेजारच्या वाफ्यात सोडलेला असतो आणि तेच पाणी मुरमातून दोन तासांत परत विहिरीत येतं. विहीर मग जादूची वाटते. शंभर-दीडशे मीटर पाइप टाका आणि पाणी उताराकडच्या ओढ्यात सोडा. दुसरी, लाइट. शेतीची थ्री फेज कधी दिवसा असते, कधी रात्री, आणि ती आली की शिवारातल्या सगळ्या मोटरा एकदम सुरू होतात. रात्री दोन वाजता तुमच्या विहिरीचं चढणं अचानक थांबलं तर आधी लाइट आली का ते बघा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट नोंद करा. तुम्ही राहायला आल्यावरही शेजारी उपसणारच आहेत. तुमच्या मोटरसाठी मात्र जनरेटर भाड्याने आणा. तिसरी, व्यास. बांधीव भागाखाली विहीर कधी अरुंद असते, कधी पोट सुटलेली. पाणी खाली गेल्यावर प्रत्यक्ष मोजा, पण मोजण्यासाठी कोणालाही तसंच खाली उतरवू नका. जुन्या विहिरीत तळाशी हवा कोंदट असते आणि माणूस गेल्यावरच ते कळतं. वरून दोरीला बांबू बांधूनही काम होतं.

मेपर्यंत थांबता येणार नाही, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. मग आत्ता निम्मं उत्तर मिळवता येतं. शेजाऱ्यांकडून आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदींवरून मेची पातळी अंदाजे काढा. तुमची विहीर सलग उपसून तिथवर खाली न्या आणि तिथून ती किती चढते ते बघा. हा आकडा मेपेक्षा मोठाच येणार, कारण विहीर रिकामी केली तरी भोवतालचा मुरूम अजून भरलेला असतो. त्यामुळे या चाचणीत पास झाली तरी ते प्रमाणपत्र नाही. पण इथेच जर २७ हजार निघाले नाहीत, तर मेची वाट बघायची गरजच नाही. बुकिंग करायचंच असेल तर करारात मेच्या चाचणीची अट घाला, आणि ती चाचणी करणाऱ्याची फी तुम्ही द्या, बिल्डरने नव्हे.

"कमी पडलं तर बोअर मारू" हे वाक्यही तुम्हाला ऐकवलं जाईल. बोअर वाईट नाही, पण दगड तोच आहे. भेग लागली तर लागली. बोअरवाला "दोन इंची पाणी लागलं" म्हणाला तर कसले इंच ते विचारा. कोणी नॉचवरचे (पाणी मोजायच्या पत्र्यातल्या V आकाराच्या खाचेतल्या पाण्याची उंची) सांगतो, कोणी पाइपचे. नव्वद अंशांच्या नॉचवर दोन इंच म्हणजे ताशी २,९०० लिटरच्या आसपास, तीन इंच म्हणजे जवळजवळ आठ हजार. एका इंचाने पावणेतीनपट फरक. आणि तो आकडा मारताना हवेच्या दाबाने उडालेल्या पाण्याचा, अर्ध्या तासाचा. बोअरची चाचणी सलग चोवीस तासांची हवी, आणि ती चालू असताना विहिरीची पातळी बघायचीच. बोअर सुरू केल्यावर विहीर उतरली तर तुम्ही एकाच माठाला दोन पेले लावलेत. नवा बोअर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत येत असेल तर कायद्याची आडकाठी आहे. गृहसंकुलाच्या उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची परवानगी लागते का आणि ती काढली आहे का, हेही बिल्डरला लेखी विचारा.

साठवण टाकी मोठी बांधू, हाही असाच दिलासा. साठ हजारांची टाकी सकाळची गर्दी सांभाळते, मोटर बिघडली तर दोन दिवस काढते. मे महिना काढत नाही.

शेवटची गोष्ट चाचणीत दिसत नाही पण मला सगळ्यात जास्त खटकते. आज त्या तीन एकरांत शेत आहे. पिकाला दिलेल्या पाण्यातलं थोडं मुरून विहिरीला परत मिळतं, पाऊसही मुरतो. उद्या तिथे रस्ते, पार्किंग, छपरं आणि वीस सेप्टिक टँक. आवक कमी होते आणि जी होते तिच्यात काय मिसळतं ते वेगळं सांगायला नको. शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर लांब असावा असं मानक सांगतं, पण भेगाळ दगडात मीटरपेक्षा उतार महत्त्वाचा. विहिरीच्या वरच्या अंगाला एकही खड्डा नको. सांडपाणी एकत्र करून खालच्या अंगाला नेण्याचा नकाशा मागा. छपरांचं पाणी गाळून विहिरीच्या आसपास मुरवण्याची सोयही त्याच नकाशात हवी. पाण्याचा नमुना चाचणीच्या शेवटच्या दिवशी घ्या आणि पुन्हा एकदा जुलैत, पहिल्या मोठ्या पावसानंतर. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते उकळून जात नाही, उलट घट्ट होतं. ई-कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

चाचणी केलीत तर मला "विहीर लवकर भरली" असं कळवू नका. सकाळी सहाच्या रोजच्या पातळ्या, बॅरल भरायला लागलेले सेकंद, खाली मोजलेला व्यास आणि वर ठळक तारीख, एवढं इथे टाका. हिशेब मी करून देतो.